सही बंधनकारक होती, खुर्ची नव्हती

मॉरिशस म्हटलं की आपल्याला काय आठवतं? निळाशार समुद्र, हनिमूनची पॅकेजं, आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथे बसवलेला शिवछत्रपतींचा पुतळा. त्या अनावरणाचे फोटो आपण सगळ्यांनी अभिमानाने फिरवले. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येतं, हे सांगताना आपली छाती फुगते. फुगायलाच पाहिजे. आमच्या कोकणातून मुंबई बंदर गाठून, गिरमिटाच्या कागदावर अंगठा उठवून ऊस तोडायला गेलेल्या माणसांची ती पतवंडं-खापरपतवंडं आहेत.

पण त्याच देशात २००२ साली एक गोष्ट घडली. तिचे फोटो कुणी फिरवले नाहीत, आपल्याकडे तर फारशी कुणाला माहीतही नाही. ती आज सांगायची आहे. कारण एक वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

"अहो, राष्ट्रपती-राज्यपालांच्या हातात काय असतं? घटनेनेच त्यांचे हात बांधलेत. पुढे आलेल्या कागदावर सही करायची, बास."

चहाच्या टपरीवर हेच, टीव्हीवरच्या चर्चेत हेच, आणि वाईट याचं वाटतं की चांगल्या शिकल्यासवरल्या वकील मंडळींच्या तोंडीही हेच. दरवेळी एखादी नको ती सही झाली की हे वाक्य पांघरूण म्हणून बाहेर काढलं जातं. माझं म्हणणं सरळ आहे: हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मॉरिशसच्या कासम उतीम यांनी करून दाखवलं.

आधी माणूस कोण ते बघू.

कासम उतीम यांचा जन्म २२ मार्च १९४१ चा, पोर्ट लुईस शहरातल्या प्लेन व्हर्त या भागातला. ही राजधानीतली मुस्लिम वस्ती. मॉरिशसमधले मुसलमानही बहुतेक आपल्याच देशातून गेलेले. काही व्यापारी म्हणून, बरेचसे गिरमिटिया म्हणून. देश केवढा? साधारण २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचा जेमतेम चौथा हिस्सा. तेवढ्यात हिंदू, मुसलमान, आफ्रिकी गुलामांचे वंशज क्रिओल, चिनी, फ्रेंच मळेवाले. हिंदूंमध्ये पुन्हा भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी असे वेगवेगळे गट, प्रत्येकाची वेगळी संघटना, प्रत्येकाचा वेगळा सण. मतांची गणितं आपल्याइतकीच बारीक.

१२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. त्याच्या आधी दोनच महिने, जानेवारीत, पोर्ट लुईसमध्ये क्रिओल आणि मुसलमान टोळ्यांमध्ये भयंकर दंगल झाली. माणसं मेली, शेकडो कुटुंबं वस्ती सोडून पळाली, शेवटी ब्रिटिश सैन्य आणावं लागलं. प्लेन व्हर्त या सगळ्याच्या मध्यात होतं. उतीम तेव्हा सव्वीस वर्षांचे. शेजारी शेजाऱ्याचा वैरी कसा होतो आणि कायदा-सुव्यवस्था कोलमडते म्हणजे काय होतं, हे त्यांच्या पिढीला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, पॉल बेरांजे आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी एमएमएम हा डावा पक्ष काढला. जात-धर्म सोडून कष्टकऱ्यांनी एकत्र यावं, ही त्याची भूमिका. गोदी कामगार, बस कामगार, ऊसमळ्यातले मजूर भराभर मागे आले. १९७१ च्या अखेरीला मोठे संप झाले आणि सरकारने काय केलं असेल? आणीबाणी. पक्षाचे नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर बंधनं, १९७२ मध्ये व्हायची निवडणूक थेट १९७६ वर ढकलली. स्वतः बेरांजे जवळपास वर्षभर आत होते. हाही तपशील लक्षात ठेवा.

उतीम याच पक्षात वाढले. राजधानीच्या महापालिकेत काम केलं, महापौर झाले. १९७६ पासून संसदेत. १९८२ मध्ये त्यांच्या आघाडीने मॉरिशस बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या तेव्हा ते मंत्री झाले, आणि १९९० नंतर पुन्हा मंत्री, या वेळी उद्योगखातं. म्हणजे हा माणूस कुणी साधुसंत नव्हे, आकाशातून पडलेला तर नाहीच नाही. पक्षात वाढलेला, निवडणुका लढलेला, युत्या-आघाड्यांचं पाणी प्यालेला राजकारणी. तुमच्या-माझ्या मतदारसंघात असतात तसाच.

१२ मार्च १९९२ ला मॉरिशस प्रजासत्ताक झालं. तोपर्यंत इंग्लंडची राणी राष्ट्रप्रमुख होती आणि तिच्या वतीने गव्हर्नर जनरल कारभार बघायचा. आता राष्ट्रपती आला. शेवटचे गव्हर्नर जनरल वीरासामी रिंगाडू पहिले काही महिने राष्ट्रपती राहिले आणि ३० जून १९९२ ला त्या जागी उतीम आले. निवड संसदेने करायची, मुदत पाच वर्षं, राहायला रेदुईचा फ्रेंच जमान्यातला वाडा, आणि अधिकार? आपल्यासारखेच. खरी सत्ता पंतप्रधानाकडे. राष्ट्रपतीने फिती कापायच्या, भाषणं वाचायची, सह्या करायच्या.

उतीम यांनी हे जवळजवळ दहा वर्षं केलं. मध्ये दोनदा सत्तापालट झाला. १९९५ मध्ये अनिरुद्ध जगन्नाथ गेले, नवीन रामगुलाम आले. २००० मध्ये रामगुलाम गेले, जगन्नाथ परत आले. १९९७ मध्ये उतीम यांना दुसरी टर्म मिळाली. कुठल्याच सरकारशी त्यांनी रोजची भांडणं केली नाहीत. समांतर सरकार चालवलं नाही. पत्रकार परिषदा घेऊन मुख्यमंत्र्यांना शिकवणारे राज्यपाल आपण बघितलेत; हा माणूस त्यातला नव्हता. मर्यादा पाळणारा राष्ट्रपती होता, हे मुद्दाम सांगतो. कारण पुढे त्याने जे केलं ते मर्यादा मोडून केलेलं नाही.

१९९९ चा फेब्रुवारी. काया नावाने ओळखला जाणारा क्रिओल गायक तिथे फार लोकप्रिय होता. रोझ हिलला एका कार्यक्रमात गांजा ओढल्याच्या आरोपावरून त्याला पोलिसांनी उचललं. २१ फेब्रुवारीला तो कोठडीत मेलेला सापडला. डोक्याला मार होता. बातमी फुटली आणि बेट पेटलं. पोलीस चौक्या जाळल्या, दुकानं लुटली, माणसं मेली, चार दिवस देश ठप्प. क्रिओल विरुद्ध हिंदू असं वळण लागतंय की काय, अशी भीती. त्या वेळी राष्ट्रपती उतीम आणि कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल मार्जिओ हे दोघं मिळून देशभर फिरले. मुसलमान राष्ट्रपती आणि ख्रिस्ती कार्डिनल, दोघं लोकांना हात जोडत होते. आग विझली.

ज्याच्या हातात "काहीच नसतं" त्याने हे केलं. पण खरी परीक्षा अजून यायची होती.

११ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कचे मनोरे पडले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३७३ केला: सगळ्या देशांनी दहशतवादाविरुद्ध कडक कायदे करावेत. मॉरिशस तेव्हा स्वतःच सुरक्षा परिषदेचं सदस्य होतं. शिवाय अमेरिकेने आफ्रिकी देशांच्या कापडाला जी सवलत दिली होती, तिच्यावर मॉरिशसच्या कपड्यांच्या कारखान्यांची भिस्त. अमेरिकेला नाराज करणं परवडणार नव्हतं. ही अडचण खरी होती, ती मी नाकारत नाही.

जगन्नाथ-बेरांजे सरकारने दहशतवाद प्रतिबंधक विधेयक आणलं. दहशतवादी कृत्याची व्याख्या इतकी सैल की तिच्यात काय काय बसवता येईल, याचा भरवसा नाही, असा आक्षेप होता. आणि सगळ्यात टोचणारं कलम हे: पोलिसांनी ठरवलं तर पकडलेल्या माणसाला ३६ तास वकील भेटणार नाही. घरचं माणूस भेटणार नाही. तो आणि पोलीस. फार तर सरकारी डॉक्टर.

कोठडीतल्या एका मृत्यूवरून देश पेटून तीन वर्षं झाली नव्हती. आणि आता कोठडीचं दार ३६ तास आतून बंद ठेवायचा कायदा.

आता गंमत बघा. हे विधेयक रेटणाऱ्या सरकारात उपपंतप्रधान कोण? पॉल बेरांजे. तेच, जे १९७२ मध्ये सरकारच्या असल्याच अधिकारांखाली तुरुंगात बसले होते. तुरुंगाची चव घेतलेला माणूस सत्तेत आला की किल्ल्या फेकून देईल, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तो फक्त बाजू बदलतो. आपल्याकडे आणीबाणीत आत गेलेल्या मंडळींनी पुढे सत्तेत बसून काय काय कायदे केले, ते आठवून बघा. पक्षाचं नाव घेत नाही, कारण कुठल्याच एका पक्षाचं घेऊन भागणार नाही.

विधेयक संसदेत पास झालं. सरकारकडे प्रचंड बहुमत होतं, व्हायचंच होतं. आणि कागद रेदुईच्या वाड्यावर आला.

मॉरिशसच्या घटनेत नियम स्पष्ट आहे. राष्ट्रपती विधेयक फेरविचारासाठी एकदा परत पाठवू शकतो. संसदेने ते पुन्हा मंजूर केलं की सही करावीच लागते. आपल्या घटनेच्या १११ व्या कलमासारखंच. म्हणजे कायदा अडवण्याचा अधिकार उतीम यांना नव्हता. "हात बांधलेले" म्हणतात ते हेच.

१५ फेब्रुवारी २००२ ला कासम उतीम यांनी राष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला. नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला घालणाऱ्या कायद्यावर आपण सही करणार नाही, ही भूमिका.

इथे थोडं थांबून नीट बघा. त्यांनी विधेयक दाबून ठेवलं नाही. वर्षभर टेबलाच्या खणात टाकून "विचाराधीन आहे" म्हटलं नाही. संसदेला धुडकावलं नाही. कोर्टात गेले नाहीत, मोर्चा काढला नाही. घटना सांगत होती की राष्ट्रपतीने सही केलीच पाहिजे. त्यांनी घटना अक्षरशः पाळली: सही करायची नसेल तर राष्ट्रपती राहायचं नाही. सही बंधनकारक होती. खुर्ची बंधनकारक नव्हती.

उतीम गेले तेव्हा नियमाप्रमाणे उपराष्ट्रपती अंगिडी चेट्टियार हंगामी राष्ट्रपती झाले. कागद त्यांच्यापुढे आला. त्यांनीही सही केली नाही, आणि तीन दिवसांत तेही राजीनामा देऊन मोकळे झाले. मग सरन्यायाधीश अरिरंग पिल्ले यांना हंगामी राष्ट्रपती केलं, त्यांनी सही केली. २५ फेब्रुवारीला संसदेने कार्ल ऑफमन यांना नवे राष्ट्रपती निवडलं. दहा दिवसांत त्या चिमुकल्या देशाने चार राष्ट्रपती पाहिले. एका सहीसाठी.

आता मला माहीत आहे, यावर कोण काय म्हणणार. एकेक घेतो.

पहिला आक्षेप: "मग उपयोग काय झाला? कायदा तर झालाच ना!" झाला. नाकारत कोण आहे? पण जो कागद एका दुपारी, इतर दहा कागदांच्या गठ्ठ्यात, गुपचूप पार पडला असता, त्यासाठी सरकारला दारोदार फिरावं लागलं. ३६ तासांचं ते कलम घराघरात कळलं. आणि इतिहासात कायमची नोंद झाली की या देशाच्या दोन सर्वोच्च माणसांनी हा कायदा सहीच्या लायकीचा मानला नाही. प्रत्येक विरोधाने निकाल फिरलाच पाहिजे, अशी अट घातली तर जगात कुणी कधी विरोधच करणार नाही. निवडणुकीत पडणार हे माहीत असूनही माणसं फॉर्म भरतात. का भरतात?

दुसरा आक्षेप जरा कुजबुजत येतो: "तो मुसलमान होता ना, म्हणून दहशतवादविरोधी कायद्याला विरोध." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अंगिडी चेट्टियार कोण होते? तमिळ वंशाचे. पक्षही वेगळा, लेबर पक्षातले. त्यांनी का नाही केली सही? याला उत्तर नसतं. आणि दंगलीत होरपळलेल्या वस्तीतला, पेटलेल्या देशात शांतता मागत फिरलेला माणूस देशाच्या सुरक्षेबद्दल बेपर्वा होता, असं म्हणायला जीभ कशी रेटते? सुरक्षा म्हणजे काय हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पोलिसांच्या कोठडीत माणूस सुरक्षित नसेल तर बाहेर कुणीच सुरक्षित राहत नाही, हे १९९९ ने त्या देशाला शिकवलं होतं.

तिसरा आक्षेप हुशार माणसांचा: "टर्म संपायला चारच महिने उरले होते. फुकटचा हुतात्मा!" बरोबर, जूनमध्ये दुसरी टर्म संपत होती. पण उलट बाजूने बघा ना. चार महिने राहिलेत म्हणजे गप्प बसायला केवढं सोपं कारण! सही करायची, निरोपाचे हार घ्यायचे, सन्मानाने बाहेर पडायचं. जुन्या साथीदारांचं सरकार होतं, ज्या पक्षात उभं आयुष्य गेलं तो पक्ष सत्तेत होता. शेवटच्या चार महिन्यांत सगळ्यांशी वाईटपणा घेणारा माणूस हिशेबी नसतो. हिशेबी माणसं शेवटच्या चार महिन्यांत पुढच्या नेमणुकीची तजवीज करतात. अशी उदाहरणं शोधायला मॉरिशसला जायची गरज नाही.

चौथा आक्षेप मात्र मला खरोखर महत्त्वाचा वाटतो: "लोकांनी निवडलेल्या संसदेपुढे राष्ट्रपतीने आडवं का यावं? उद्या कुणीही उठून स्वतःच्या मनाला पटत नाही म्हणून लोकनियुक्त सरकारचं काम अडवेल." या आक्षेपात दम आहे. आपल्याकडे राज्याराज्यांत विधेयकं महिनोन् महिने दाबून बसलेले राज्यपाल आपण बघितलेत, आणि मी त्यांच्या विरोधातच आहे. पण फरक समजून घ्या. विधेयक दाबून बसणारा खुर्चीही ठेवतो आणि कामही करत नाही. त्याची किंमत जनता भरते. उतीम यांनी संसदेला अडवलं नाही, स्वतः बाजूला झाले. किंमत स्वतः भरली. म्हणून एकाच्या वागण्याला अडवणूक म्हणतात आणि दुसऱ्याच्या वागण्याला विवेक.

आता आपल्याकडे येऊ, कारण हे धागे खरंच जुळलेले आहेत. तो १३७३ चा ठराव आपल्यालाही लागू होता. ऑक्टोबर २००१ मध्ये दिल्लीतून पोटाचा अध्यादेश निघाला. डिसेंबरमध्ये संसदेवर हल्ला झाला. राज्यसभेने विधेयक फेटाळलं म्हणून २६ मार्च २००२ ला संयुक्त अधिवेशन घेऊन ते मंजूर केलं. मॉरिशसच्या कायद्याचं नाव आणि आपल्या कायद्याचं नाव एकच: दहशतवाद प्रतिबंधक कायदा, २००२. मधलं अंतर दीड महिन्यापेक्षा कमी. आपल्या कायद्यात तर आरोपपत्राशिवाय १८० दिवसांपर्यंत आत ठेवायची सोय होती, आणि पोलीस अधीक्षकासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालायचा.

आपल्याकडे राष्ट्रपती होते के. आर. नारायणन. साधा माणूस नव्हे. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशची आणि १९९८ मध्ये बिहारची राष्ट्रपती राजवटीची शिफारस परत पाठवण्याची धमक दाखवलेला राष्ट्रपती. पोटावर त्यांची सही झाली. घटनेच्या चौकटीत बघितलं तर त्यांना दोष देता येत नाही आणि मी देतही नाही. फक्त एवढंच म्हणतो, की त्या सहीची चर्चासुद्धा आपल्याकडे झाली नाही. ती व्हायचीच असते, असं आपण धरून चाललो.

पुढे काय झालं? तमिळनाडूचे वायको, ज्यांच्या पक्षाने या कायद्याच्या बाजूने मत दिलं होतं, तेच काही महिन्यांत या कायद्याखाली आत गेले आणि दीड वर्षाहून जास्त आत राहिले. आणि आपल्या महाराष्ट्रात? डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला. पोटाखाली पकडलेल्यांमध्ये परभणीकडचा एक तरुण इंजिनिअर होता. तो कोठडीतून घरी कधी आलाच नाही. पळून गेला, असं पोलिसांनी सांगितलं. सोबतच्या आरोपींनी सांगितलं की त्याला मारताना आम्ही पाहिलं. पुढे ते सोबतचे आरोपी कोर्टातून सुटले. २००४ मध्ये पोटा कायदा रद्द झाला. परभणीच्या त्या आईला त्याचा काय उपयोग?

३६ तास वकील भेटणार नाही, हे वाचायला किरकोळ वाटतं. कोठडीत माणसाचं जे व्हायचं ते पहिल्या ३६ तासांतच होतं.

आणि "हात बांधलेले" या सबबीचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा मुहूर्त कुठला? २५ जून १९७५ ची रात्र. फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली दुसऱ्या दिवशी सकाळी! म्हणजे मंत्रिमंडळाचा सल्ला मागण्याचा पूर्ण आधार राष्ट्रपतींकडे होता. "सकाळी मंत्रिमंडळाचा निर्णय घेऊन या, मग बघू," एवढं एक वाक्य पुरेसं होतं. हात बांधलेले नव्हतेच, ते आपण होऊन पुढे केले होते. पुढे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला, तो या एका रात्रीमुळे.

परत मॉरिशसला जातो, कारण त्या रेदुईच्या वाड्याने आणखीही राजीनामे बघितले आणि त्यातले दोन उतीम यांच्या राजीनाम्याशेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

दुसरा राजीनामा खुद्द अनिरुद्ध जगन्नाथ यांचा. २००३ मध्ये पंतप्रधानपद बेरांजे यांना देऊन ते स्वतः राष्ट्रपती झाले. युतीचा तोच सौदा होता: आधी तुम्ही, मग मी. (अडीच-अडीच वर्षांचं गणित ऐकलेल्या महाराष्ट्राला हे समजावून सांगायला नको.) २०१२ मध्ये त्यांनी राष्ट्रपतिपद सोडलं, कारण पुन्हा सक्रिय राजकारणात उतरायचं होतं. २०१४ मध्ये पंतप्रधान झाले, २०१७ मध्ये ती खुर्ची मुलाच्या हवाली केली. त्यांचं कर्तृत्व मोठं आहे, देशाची आर्थिक घडी बसवण्यात त्यांचा वाटा आहे. पण राष्ट्रपतिभवन त्यांच्यासाठी स्टेशनवरची वेटिंग रूम ठरली.

तिसरा राजीनामा अमीना गरीब-फकीम यांचा. नावाजलेल्या शास्त्रज्ञ, औषधी वनस्पतींवर काम, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. अंगोलातल्या एका धनाढ्य उद्योगपतीच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने त्यांना क्रेडिट कार्ड दिलं होतं, त्यावर खाजगी खरेदी झाली, असं वर्तमानपत्रांनी छापलं. पैसे परत केलेत आणि काही गैर केलं नाही, असं त्या म्हणाल्या. आधी पद सोडायला नकार, मग मार्च २०१८ मध्ये राजीनामा.

घटना तीच, वाडा तोच, अधिकार तेच. एकाने पद सोडलं सत्तेसाठी, एकीला सोडावं लागलं क्रेडिट कार्डापायी, आणि एकाने सोडलं ज्या माणसांना तो ओळखतही नव्हता, त्यांना वकील मिळावा म्हणून. घटनेने तिघांचेही हात सारखेच बांधले होते. माणसं सारखी नव्हती.

म्हणून मला रबरी शिक्का हा शब्दच पटत नाही. शिक्का निर्जीव असतो, त्याला राजीनामा देता येत नाही. माणसाला येतो. आपण सर्वोच्च पदावर शिक्का न ठेवता माणूस ठेवतो, त्याला वाडा देतो, घोडेस्वार देतो, एकवीस तोफांची सलामी देतो, ते कशासाठी? रोजच्या सह्यांसाठी कारकून पुरला असता. दहा-वीस वर्षांतून एकदा असा कागद पुढे येतो की जिवंत माणसाचा हात थरथरायला हवा. तो सगळा थाटमाट त्या एका दिवसाची आगाऊ फी आहे.

आणि हे फक्त राष्ट्रपतींपुरतं नाही हो. फाइलवर शेरा मारणारा सचिव, पंचनाम्यावर सही करणारा फौजदार, पोस्टमॉर्टेमचा कागद लिहिणारा डॉक्टर, गावच्या ग्रामसभेच्या रजिस्टरवर न झालेल्या सभेचा ठराव लिहिणारा ग्रामसेवक. प्रत्येकाजवळ हेच वाक्य तयार असतं: वरून आलंय, माझ्या हातात काय आहे? यातल्या प्रत्येकाला राजीनामा परवडत नाही, पोटापाण्याचा प्रश्न असतो, हे मला कळतं. ग्रामसेवकाकडून मी उतीम होण्याची अपेक्षा धरत नाही. पण ज्यांची पोटं भरलेली आहेत, ज्यांना आयुष्यभराचं पेन्शन, बंगला, गाडी, पोलीस बंदोबस्त आहे, त्यांनी तरी हे वाक्य वापरू नये. त्यांच्या तोंडी ते शोभत नाही.

उतीम पद सोडून उपाशी राहिले नाहीत. पुढेही जगभरच्या माजी राष्ट्रप्रमुखांच्या माद्रिद क्लबात त्यांना मान मिळाला, आफ्रिकेतल्या निवडणुकांवर निरीक्षक म्हणून ते गेले. खुर्ची गेली म्हणून आकाश कोसळत नाही. त्यामुळे घाबरण्याचंही खरं कारण नसतं.

मॉरिशसमधल्या पुतळ्याचे फोटो जरूर फिरवा. मीही फिरवीन. तिथे एखाद्या मराठी घरात गणपती बसलेला दिसला की आनंदच आहे. पण त्या देशाकडून नुसता अभिमान आयात करू नका, थोडी अक्कलही घ्या. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला म्हणालं, "सही करण्यावाचून त्यांच्यापुढे पर्यायच नव्हता," तर भांडू नका. शांतपणे एवढंच विचारा: मान्य, सही बंधनकारक होती. खुर्चीवर बसून राहणं कुठल्या कलमाने बंधनकारक केलं होतं?